अनुभव धागा : मुलांना बाहेरच्या परीक्षांना न बसवणं

शाळेच्या घटक चाचण्यांबद्दल हा धागा नाही. बाहेरून छापील पेपर येतात ते: ऑलिम्पियाड, सरकारी सर्वेक्षण. "आमचं मूल बसणार नाही" असं शाळेला कुणी कळवलंय का? माझ्यापासून सुरुवात करते.

मुलगी चौथीत, शाळा डिचोलीची. विषयागणिक ऑलिम्पियाड, प्रत्येकाची फी वेगळी. पेपर जवळ आला की तिच्या पोटात दुखायचं. परीक्षा ऐच्छिक आहे म्हणून बसवत नाही, असं डायरीत लिहून दिलं. टीचर म्हणाल्या, "मग ती एकटी करणार काय?" वाचनालयात बसू दे म्हटलं. पुढच्या पेपरला तिच्यासोबत आणखी दोघी होत्या.

पेडण्याची टीचर :
ताई, ऑलिम्पियाडचं पटलं, पण सर्वेक्षण वेगळं. 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या दुसऱ्याच दिवशी. तिसरी, सहावी आणि नववीसाठी, तेही नमुना म्हणून निवडलेल्या शाळांत. त्यात कुणाच्या प्रगतिपुस्तकावर गुण येत नाहीत, चित्र दिसतं ते जिल्ह्याचं नि राज्याचं. अडखळत वाचणारं मूल त्या दिवशी घरी ठेवू नका. तेच वर्गात हवं, नाहीतर आमच्या शाळांना काय कमी पडतंय ते वर कळणार कसं?

म्हार्दोळची, सध्या लाँग आयलंड :
इथे तिसरी ते आठवीच्या राज्य चाचण्यांना पालक सर्रास नकार देतात. २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात साधारण पाचातलं एक मूल बसलं नव्हतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला चाचणीला ९५ टक्के मुलांची हजेरी हवी असते, तरीही. चाचण्यांच्या निकालावर शिक्षकांचं मूल्यमापन होऊ लागलं, वर्गात वर्षभर तेवढंच घोटून घेणं सुरू झालं, म्हणून लोक चिडले. मीही मुलाचं नकारपत्र दिलं. पण टीचर म्हणतात तशी गुण न देणारी पाहणी असती, तर पाठवलं असतं.

वास्कोचा बाबा :
आमचा आठवीत. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. त्यामुळे वार्षिक परीक्षेला नाही म्हणायची सोय कुठली! आम्ही शिकवणीवाल्यांच्या रविवारच्या सराव चाचण्या तेवढ्या बंद केल्या. आता रविवारी सकाळी तो बायण्याला फुटबॉल खेळतो. गणिताचं म्हणाल तर रोज रात्री आम्ही दोघं मिळून सोडवतो.