खाडीत मासे मेले की दरवेळी शेवाळाचं विषच असतं का?

खाडीकाठ: पाणी तपकिरी-लालसर झालं आणि मासे मरून वर आले की सगळे लगेच विषारी शेवाळ म्हणतात. 1997 ला अमेरिकेत मेरीलँडच्या पोकोमोक नदीत माशांच्या अंगावर जखमा दिसल्या तेव्हा फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर ठपका आला होता. पण हे ओळखायचं कसं?

ओहोटी: आधी वेळ बघा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच वापरतं, त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर बसले की तळाला हवा पोचतच नाही, वर मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन पण संपवतात. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे टिकत नाहीत. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, खेकडे काठावर चढतायत, असं दिसलं तर माझा पहिला संशय ऑक्सिजनवरच.

मीठपाणी: बरोबर, पण विष पण खरं असतं हो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर करेनिया ब्रेव्हिस नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढलं की त्याचं विष लाटांच्या तुषारांतून हवेत जातं आणि किनाऱ्यावरची माणसं खोकायला लागतात. 2022 ला पोलंड-जर्मनीच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले ते प्रिम्नेसियममुळे, हे खरं तर मचूळ पाण्यातलं शेवाळ, नदीत खारं सांडपाणी मिसळलं म्हणून तिथे फोफावलं. आणि रंगावर अजिबात जाऊ नका, पाणी स्वच्छ दिसत असताना पण शिंपल्यांत विष साठलेलं असू शकतं, त्यातलं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तर शिजवूनही जात नाही. मेलेले मासे कृपा करून कोणी खाऊ नका, विकू नका.

ओहोटी: फिस्टेरियाचं म्हणाल तर त्यावर शास्त्रज्ञांची बरीच वर्षं भांडणं चालली. नंतर तशा बऱ्याच जखमांमागे अ‍ॅफानोमायसेस नावाचा बुरशीसारखा जीव सापडला. तरी मेरीलँडने 1998 ला शेतातून वाहून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर कायदा केला, कोंबडीखताचा प्रश्न होताच तिथे, आणि ते योग्यच झालं, कारण मासा विषाने मेला काय नि गुदमरून मेला काय, शेवाळाला खाऊ घालणारं खत तेच.

खाडीकाठ: मग नमुना कधी घ्यायचा?

मीठपाणी: मासे तडफडत असतानाच, दुपारी जाऊन उपयोग नाही. ऑक्सिजन जागेवरच मोजा, वर आणि तळाशी दोन्हीकडे. पाण्याच्या एका बाटलीत लुगॉल आयोडीनचे थेंब टाका म्हणजे शेवाळाच्या पेशी टिकतात, दुसरी तशीच थंड आणि अंधारात ठेवून लॅबला पोचवा. मासा नुकता मेलेलाच द्या, कुजलेल्यातून काही कळत नाही.