आधी चासी बघा, मग ठरवा

तुमची २०१२ ची दीडशे सीसी मोटरसायकल, एक्स्चेंजला शोरूम फार कमी देतंय, म्हणून इंजिनकाम, नवे टायर आणि एलईडी करून तीच ठेवावी, असं मनात आहे. पण आपण समुद्राकाठी राहतो दादा, इथे इंजिनाच्या आधी लोखंड गंजून जातं, म्हणजे चासी, गाडीचा सांगाडा.

खर्च करण्यापूर्वी सीट, टाकी, साइड पॅनेल उतरवा. बॅटरीच्या ट्रेखाली, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टाशी आणि डबल स्टँडच्या जोडावर स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. वरवरचा गंज असेल तर घासून रंग मारता येतो. पापुद्रे सुटत असतील तर एक रुपयाही घालू नका. मी हर्णै बंदरावरून मासळीचे क्रेट मागे बांधून आणायचो, खारं पाणी थेट स्विंगआर्मवर ठिबकायचं. इंजिन नवं करून घेतलं आणि दोनच पावसाळ्यांत स्टँडचा जोड चासीसकट तुटला. सगळे पैसे पाण्यात.

शिवाय २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षं होतील. आरसीचं नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर हे सगळं हिशेबात धरा. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, ते जुन्या गाडीला गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. जुलैत घाटाच्या वळणावर लाल चिखल आला की त्याची किंमत कळते.

चासी ठणठणीत निघाली तर फक्त टायर, ब्रेक, चेनसेट करा. आणि एक्स्चेंजआधी गावातल्या मेकॅनिककडे भाव विचारा, बहुतेक वेळा तिथे जास्त मिळतात.