सीए इंटरला नापास झाल्यावर लगेचचा अटेम्प्ट द्यावाच का?

ताळेबंद
सीएच्या तीन टप्प्यांतली मधली परीक्षा म्हणजे इंटर. तिचा निकाल लागला की घरचे, क्लासवाले, शेजारचे काका, सगळ्यांचं एकच: "पुढचा फॉर्म भरून टाक." मला हे पटत नाही. २०२४ पासून इंटर वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे, सप्टेंबर. निकालाला दोनेक महिने जातात, म्हणजे पुढच्या पेपरला हातात उरतात दोनच. आधी वर्षातून दोनदाच, मे-नोव्हेंबरला परीक्षा असायची, तेव्हा नापास झालेल्याला रडायला तरी सवड मिळायची.

इंटरला तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. माझा पहिला ग्रुप: अकाउंट्स ५८, लॉ ४१, टॅक्स ४३. तिन्हींत चाळिशी पार, पण बेरीज १४२, आणि तीनशेत दीडशे लागतात. अकाउंट्सला अजून दोन मिळाले असते तर एक्झम्प्शन, म्हणजे पुढच्या वेळी त्या पेपरातून सूट, तरी पदरात पडलं असतं. दुसरा ग्रुपही गेला, त्याबद्दल बोलायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की आधी उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवाव्यात, कुठे गळती झाली ते बघावं आणि मधला एक अटेम्प्ट सरळ सोडावा. त्याच पद्धतीने घाईघाईत पुन्हा बसलं तर फी तेवढी नवीन, निकाल जुनाच.

सोलापूरकर
साफ असहमत. आठ मार्कांनी गेलेला माणूस अटेम्प्ट सोडतो? अरे, तुझं सगळं आत्ता डोक्यात ताजं आहे. सहा महिन्यांनी कॉस्टिंगचं पुस्तक उघडशील तेव्हा स्वतःचं अक्षर ओळखू येणार नाही.

शिवाय टॅक्स. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा कायदा लागू. १९६१ च्या कायद्यातलं गुंतवणुकीवरच्या वजावटीचं ८०सी आता कलम १२३ झालंय. परीक्षेतही ते आज ना उद्या येणारच. जुनी कलमं पाठ आहेत तोवर सुटून जा ना! आणि नव्या नियमात इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, नाही. सोडलेला अटेम्प्ट म्हणजे तिथेही चार महिने मागे.

ताळेबंद
@सोलापूरकर, डोक्यात ताजं आहे ते चुकीचंही असू शकतं ना? लॉला ४१ का पडले हे मला आजही माहीत नाही. मला तर पेपर बरा गेला असं वाटलं होतं.

खतावणी
मुलगी म्हणून सांगते. "या वेळी बसत नाहीये" हे घरी सांगायची चैन मला नव्हती. निकालाच्या आठवड्यातच आत्या स्थळ घेऊन आली. फॉर्म भरलेला असला की निदान "परीक्षा आहे" म्हणून खोलीचं दार लावता येतं. मुलाने सोडला अटेम्प्ट तर तो 'तयारी करतोय', मुलीने सोडला तर तिने 'नाद सोडला'. तुमच्या हिशेबात हा खर्च कुठे धरलाय?

ताळेबंद
@खतावणी ताई, नाही धरला. खरंय.

जमाखर्च
इथे कोणी सेट-ऑफबद्दल, म्हणजे एका ग्रुपची तूट दुसऱ्याने भरून काढण्याबद्दल, कसं बोलत नाही? दोन्ही ग्रुप एकत्र दिले आणि सहाही पेपरांत किमान चाळीस असले, तर ६०० पैकी ३०० झाले की दोन्ही सुटतात. पहिल्यात १४२, दुसऱ्यात १५८, काम झालं. एकेक ग्रुप देणाऱ्याला ही सवलत नाही.

सोलापूरकर
@जमाखर्च, कागदावर छान आहे. पण दुसऱ्या ग्रुपात एका पेपरला ३९ पडले की तुमचा तो १४२ चा ग्रुपही बुडाला. दोन महिन्यांत एकच ग्रुप, तोही पहिला.

पेठेतली फर्म
माझ्याकडे आर्टिकल मुलं असतात, दरवेळी हीच चर्चा ऐकतो. लॉला ४१ म्हणजे वाचलंय भरपूर, लिहिलंय कमी. उत्तरात आधी तरतूद, मग ती दिलेल्या प्रसंगाला कशी लागू होते, शेवटी निष्कर्ष. मुलं पहिल्याच ओळीत 'करार वैध आहे' लिहून मोकळी होतात. परीक्षकाने मार्क द्यायचे तरी कशाला? टॅक्समध्ये वर्किंग नोट्स गाळतात, म्हणजे अंतिम आकडा चुकला की मधल्या पायऱ्यांचे मार्कही गेले. आणि ३० मार्कांचे एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, शेवटच्या वीस मिनिटांवर ढकलतात.

म्हणून प्रती मागवा, ताळेबंदचं तेवढं बरोबर आहे. निकालापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. पण मार्क वाढतील या आशेने नको. पडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर एवढंच पाहतात, पेपर पुन्हा तपासत नाहीत. स्वतःची उत्तरं परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सर्सशेजारी (नमुना उत्तरांशेजारी) ठेवून वाचायची, एवढ्यासाठीच ती प्रत. मात्र त्याला एक रविवार पुरतो. त्यासाठी अख्खा अटेम्प्ट सोडायचा म्हणजे पाय मुरगळला म्हणून प्लास्टर घालण्यातला प्रकार.

बाकी पाठांतर बंद करा, घड्याळ लावून तीन तासांचे पेपर लिहा. हाताला सवय नाही तुम्हा लोकांच्या.

नाव नको
दोन्ही बाजू धरूनच चालल्यात की परत बसायचंच. मी सोडलं. बीकॉम होतं, जीएसटी रिटर्नची कामं येत होती, आता चाकणला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. पगार ठीक, रात्री झोप लागते. आमच्या अभ्यासिकेत असे बरेच होते, ज्यांना थांबायची परवानगी कुणी दिली नाही.

सोलापूरकर
तुमचा निर्णय तुमच्यापाशी, दादा. पण १४२ वाल्याला हे आत्ता सांगू नका.

नाव नको
१४२ वाल्यालाच सांगावं लागतं. ९० वाला आपला आपण थांबतो.

ताळेबंद
फर्मवाले सर, वर्किंग नोट्सचं नेमकं लागलं. प्रतींसाठी अर्ज करतो. पण माझं मत अजून तेच आहे: त्यात काय दिसतं त्यावर बसायचं की नाही ठरेल.

सोलापूरकर
आणि फॉर्मची मुदत तुझ्या प्रतींसाठी थांबणार का?

ताळेबंद
पहिल्या ग्रुपचा फॉर्म भरून ठेवतो. बसायलाच हवं असं थोडंच आहे.

खतावणी
घरात फॉर्म भरल्याचं एकदा कळू दे, मग बघ कसा बसत नाहीस ते.