जर्मनीत जाऊन झिरोपासून जर्मन शिकू का इथंच बी१ करून जाऊ? (जीएनएम, दिग्रस तालुका)

दिग्रसची_जीएनएम:
नमस्कार सगळ्यांना. मी दिग्रस तालुक्यातली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, सध्या यवतमाळले एका खाजगी दवाखान्यात ड्युटी करून राहिली. जर्मनीत नर्स म्हणून जायचं माझं पक्कं आहे. आता अमरावतीचा एक एजंट भेटला, तो म्हणते की इथं शिकण्यात टाइम घालवू नको, डायरेक्ट जर्मनीतल्या भाषेच्या शाळेत इंटेन्सिव्ह कोर्सले जा, रोज क्लास, सहा महिन्यात झिरोपासून बी२ होते (भाषेच्या लेव्हल ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) आणि मग तिथल्या तिथं नोकरी लागते. सगळं मिळून सतरा लाख सांगतले. बाबा म्हणतात विहिरीजवळचं दीड एकर वावर विकायले काढू, माय काहीच बोलत नाही, आणि सोयाबीनच्या भावाचं तर तुम्हाले माहीतच आहे, कर्ज काढून फेडणं आमच्याच्यानं होत नाही. मले हे विचारायचं आहे की तिथं जाऊन शिकल्यानं भाषा खरंच लवकर येते का, सहा महिन्यात बी२ होते का, आणि सतरा लाख कशाचे लागतात? लहान भावाची इंजिनिअरिंगची फी पण याच वर्षी आहे म्हणून जरा खरं खरं सांगा.

पुसदचा_नर्सभाऊ:
ताई मी पुसदकडचा, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हॉस्पिटलले आहे. वावर काढू नका, पहिले हे सांगतो, बाकीचं मग.

हिशोब असा आहे. ग्योथे इन्स्टिट्यूट म्हणून जर्मन शिकवणारी, परीक्षा घेणारी संस्था आहे, तिच्या अंदाजानं झिरोपासून बी२ ले ६०० ते ८०० तास लागतात (एक तास म्हणजे ४५ मिनिटं). इंटेन्सिव्ह कोर्समधे आठवड्याले २० ते २५ तास होतात. म्हणजे ८०० ले २० नं भागलं तर ४० आठवडे, आणि सगळ्यात कमी धरून ६०० ले २५ नं भागलं तरी २४ आठवडे, तेही एक दिवस सुट्टी नाही, आजारी पडणं नाही, एकही लेव्हल रिपीट नाही असं झालं तर. सहा महिन्यात बी२ करणारे असतात पण बहुतेक आधी थोडं शिकून आलेले असतात. ज्याले अ आ इ ई पासून सुरू करायचं आहे त्याले एजंट जर सहा महिन्याची गॅरंटी देत असन तर त्याच्याकडून ती लेखी मागा, मग पाहा काय म्हणते.

आता सतरा लाखाचं. भाषा कोर्सच्या व्हिसाले ब्लॉक अकाउंट लागते. विद्यार्थी व्हिसाले वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासून), भाषा कोर्सवाल्याले त्याच्यापेक्षा थोडे जास्त. युरो शंभर रुपयाच्या आसपास धरला तरी बारा लाखाच्या वर झाले. पण हे पैसे तुमचेच असतात, तुमच्या नावावर, दर महिन्याले ठरलेली रक्कम मिळते, त्यातूनच खोली, जेवण, विमा. एजंट हे पैसे आपल्या फीमधे धरून सांगते आणि घरच्यांले वाटते सगळे खर्चूनच जातात. म्हणून विचारा, सतरात ब्लॉक अकाउंट किती, कोर्स फी किती, आणि त्याची स्वतःची किती. तिन्ही वेगवेगळं, कागदावर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही नर्स आहात. नर्सले भाषेसाठी एवढे पैसे द्यायची पाळी येऊच नये. जर्मनीले नर्सेस पाह्यजेत, खर्च मालक करते. जर्मन सरकारचा ट्रिपल विन म्हणून प्रोग्राम आहे, त्यात केरळच्या नर्सेसले बी१ पर्यंत भाषा फुकट शिकवतात, बी२ जर्मनीत जाऊन होते. आणि प्रायव्हेट कंपन्यांसाठी जर्मन सरकारचं एक गुणवत्ता चिन्ह आहे, 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांट', ते ज्याच्याजवळ आहे त्यानं नर्सकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणत्याही एजंटले आधी हेच विचारा की हे चिन्ह आहे का.

जर्मनची_मास्तरीण_नागपूर:
वरच्या दादांनी हिशोब बरोबर मांडला. मी शिकवते म्हणून शिकण्याबद्दल सांगते. तिथं जाऊन शिकलं की फायदा होतोच, पण कोणत्या लेव्हलला गेलात त्यावर आहे सगळं. ए१ ला वर्गात पहिले कितीतरी आठवडे स्वतःचं नाव, घर, बाजार, घड्याळ हेच चालतं, ते नागपूरला काय आणि फ्रायबुर्गला काय सारखंच आहे, त्यासाठी तिथलं भाडं भरायचं काही कारण नाही. ए२ नंतर कान तयार झालेला असतो, बसमधे, दुकानात जे ऐकता ते धरता येतं, मग तिथले तीन महिने इथल्या वर्षाएवढे होतात.

आणि मराठी मुलांना एक गोष्ट सोपी जाते ती कोणी सांगत नाही. जर्मनमधे नामाला तीन लिंगं, आपल्याकडे तो-ती-ते आहेच. शब्दाला विभक्ती लागते हे आपल्याला नवं नाही. आकडेसुद्धा, एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो मग वीस, तेही तसंच म्हणतात. इंग्रजीतून शिकवलं की पोरं इथं अडतात, मराठीतून समजावलं की पटकन डोक्यात बसतं, हे मी खेड्यातून आलेल्या मुलींमधे दरवर्षी बघते आणि त्या इंग्लिश मीडियमच्या पोरांच्या पुढे जातात. त्यामुळे इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नकोस बाळा.

कुठं शिकायचं: नागपूर विद्यापीठात परदेशी भाषा विभाग आहे, प्रवेश कधी आहेत ते विचार. मॅक्स म्युलर भवन म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूट पुण्यात-मुंबईत आहे, ऑनलाइन क्लासही घेतात. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी डॉइचे वेले या जर्मन रेडिओ-टीव्ही संस्थेचा कोर्स फुकट आहे, मोबाइलवर बी१ पर्यंत जातो. गावात नेट गेलं तर व्हिडिओ चालत नाहीत, म्हणून ऑडिओ आधीच उतरवून ठेव आणि मोठ्यानं बोलत ऐक. मोठ्यानं बोलणं महत्वाचं आहे, मनातल्या मनात वाचून बोलता येत नाही.

आर्वीचे_काका:
पोरी, माझा मुलगा लाइपझिगले भाषा कोर्सच्या व्हिसावर गेला होता, आता पुढं शिकून राहिला. त्यानं इथून ए२ केलं होतं. पहिले तो जिथं राहत होता तिथं दोन गुजराती, एक पुण्याचा, एक हैदराबादचा, दिवसभर हिंदी, सकाळी क्लासमधे जर्मन आणि घरी येऊन हिंदी, त्याची भाषा काही पुढं सरकेना. मग एका जर्मन आजीच्या घरी खोली घेतली, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा इथून तिच्याशी बोलणं सुरू झालं आणि तिथून पोरगा बोलायले लागला. म्हणून कोर्सच्या फीपेक्षा कुठं राहणार आणि कोणासंगं हे जास्त विचारा.

क्लास आठवड्याले कमीतकमी १८ तासांचा पाह्यजे, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे क्लास या व्हिसाले चालत नाहीत. मार्च २०२४ पासून भाषा कोर्सवाल्यांले आठवड्याले २० तास काम करता येते, माझ्या पोरानं बेकरीत केलं. पण घरचे पैसे वाचतीन म्हणून त्याच्या भरवशावर जाऊ नका, भाषा येत नसली तर काम लवकर भेटत नाही. वावर काढू नको पोरी. बापाले समजावणं कठीण असते, तुझ्या बाबांले माझ्याशी बोलायचं असन तर सांग, मी मेसेजवर बोलतो.

दिग्रसची_जीएनएम:
सगळ्यांचे लय लय आभार. काका, बाबांले तुमचा मेसेज वाचून दाखवला, आज रात्री बोलतो म्हणाले. मास्तरीण ताई, रात्रपाळीतून आल्यावर डोळे मिटतात पण ऐकणं जमते, तेच सुरू करते. पुसदच्या भाऊले एक विचारायचं राहिलं, वॉर्डात बी१ वर चालते का? आणि बी१ ची परीक्षा नापास झाली तर सगळी पुन्हा द्यावी लागते का?

पुसदचा_नर्सभाऊ:
नर्स म्हणून मान्यता मिळवायले बहुतेक राज्यांत बी२ लागते, तोवर सहाय्यक म्हणून ठेवतात. बी१ वर मलमपट्टी, जेवण, आंघोळ जमते, पण सकाळी शिफ्ट बदलताना जे सांगतात तिथं अडचण येते. नाइटवाली नर्स अठरा पेशंटचं भराभर सांगत जाते, कोणाचं बीपी १४५ वर ८५, कोणाले रात्री ताप, कोणाचं ड्रेन किती भरलं, ते ऐकत ऐकत लिहायचं असते आणि परत कोणी सांगत नाही. त्यात आमच्या इकडची म्हातारी माणसं श्वेबिश म्हणजे इकडची बोली बोलतात, 'निष्त' (नाही) म्हणायचं तिथं 'नेट' म्हणतात, पुस्तकात ते नसतेच. म्हणून बी१ झालं की रोज दहा मिनिटं कोणाकडून तरी आकडे ऐकून लिहायचा सराव ठेवा, वॉर्डात कामी येते.

परीक्षेचं, ग्योथेची बी१ चार भागात असते, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात ६० टक्के लागतात. ज्या भागात कमी पडले तेवढाच भाग पुन्हा देता येते. बहुतेकांचा ऐकण्याचा राहते, म्हणून आधी त्याचीच तयारी करा.