अनुभवाने भाषाशिक्षकाची मतं बदलतात की पक्की होतात?

नवी_शिक्षिका:
यंदाच भाषा शिकवायला लागलेय. स्टाफरूममध्ये दोन सीनियर आहेत, दोघंही मुरलेले, पुस्तक तेच, मुलंही तीच. एक जण व्याकरण पक्कं झाल्याशिवाय मुलांना बोलूच देत नाहीत आणि दुसऱ्या म्हणतात आधी बोलू दे, व्याकरण येईल मागून, आणि दोघंही शेवटी म्हणतात "अनुभवाने सांगतो". मग अनुभव नेमकं काय शिकवतो?

जुना_खडू:
यातला बराचसा अनुभव नोकरीच्या आधीचा असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं होतं की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांना बघितलेलं असतं, म्हणजे एक प्रकारची शिकाऊ उमेदवारीच, फक्त त्यात शिक्षक काय करतो ते दिसतं, का करतो ते दिसत नाही. भाषेच्या बाबतीत तर स्वतः ती भाषा कशी शिकलो हेही येतं. नियम पाठ करून जमलं तो नियमांवर भर देणार, ऐकून ऐकून जमलं तो बोलण्यावर. त्या दोघांना विचारून बघ, ते स्वतः कसे शिकले.

मराठी_शिकवते:
पटलं, पण वर्गातला अनुभव काही कमी नाही हं. मी अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. भूतकाळ सुरू झाला की "त्याने आला" येणारच हे आता आधीच माहीत असतं. नवीन माणूस सांगतो, सकर्मक क्रियापद असेल तर "ने" लावा, संपलं. मग कुणीतरी विचारतं, "तो धडा शिकला", "तो नाव विसरला" यात कर्म आहे की, "ने" कुठे गेलं? म्हणून मी शिकणे, विसरणे ही मंडळी पहिल्याच दिवशी वेगळी काढून देते. ली शुलमन या अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हेच वेगळं काढून दाखवलं, विषय येणं एक आणि तो विषय शिकणाऱ्याला कुठे अडतो हे कळणं दुसरं. हे दुसरं वर्गातच मिळतं.

रविवारची_चर्चा:
मिळतं, पण आपोआप नाही. वर्षं सरली की सवयीही मुरतात आणि त्यांनाच आपण अनुभव म्हणतो, याचा मला खरंच त्रास होतो कारण भोगतात मुलं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग तपासली तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, ३ सेकंद थांबले की मुलं जास्त मोठी उत्तरं द्यायला लागली. परक्या भाषेत वाक्य जुळवायला तर अजून वेळ लागणार ना. आणि मत एक, वागणं दुसरं असंही होतं, परीक्षा डोक्यावर, वर्ग भरलेला, मग बोलण्यावर विश्वास असलेला शिक्षकसुद्धा फळ्यावर नियमच लिहितो. तू आत्तापासून स्वतःचा एखादा तास फोनवर रेकॉर्ड करत जा, आणि ऐकताना मुलं किती बोलली तेवढंच बघ.

नवी_शिक्षिका:
या आठवड्यात रेकॉर्ड करते. आणि सीनियरना विचारते ते कसे शिकले, इथेच लिहीन.