४ ओहमचे स्पीकर: रिसीव्हर पुरेल की वेगळा ॲम्प घ्यावा?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. डावा, उजवा आणि सेंटर हे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले, ४ ओहमचे आहेत. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला किती मोठा वाजतो) २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८५ डेसिबल. इम्पिडन्सच्या (म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाच्या; तो ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका करंट जास्त) आलेखात १४० हर्ट्झच्या आसपास ३.१ ओहमपर्यंत खड्डा दिसतो. बसायची जागा साडेतीन मीटरवर. रिसीव्हर (सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना पुरवणारी पेटी, ॲम्प आतच) नऊ चॅनेलचा, दोन चॅनेल चालू असताना ८ ओहमला १०५ वॅट, प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारे सॉकेट) आहेत. सबवूफर एक.

व्हॉल्यूम उणे १० ला ठेवून सिनेमा लावला की मोठ्या प्रसंगात आवाज कर्कश होतो आणि मग रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवायच्या स्थितीत) जाऊन बंद पडतो. मेनूमध्ये '४ ओहम' असा पर्याय आहे, तो लावावा का? की सरळ वेगळा ॲम्प घ्यावा? घ्यायचा तर दोन चॅनेलचा की तीन, आणि किती वॅटचा?

तांब्याची तार
खरेदीआधी तीन गोष्टी तपासा, फुकटात होतात.

पहिली, वायरची टोकं. मल्टिस्ट्रँड वायरचा एखादा केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकला तरी प्रोटेक्शन लागतं, आणि ते कधीकधी आवाज वाढल्यावरच लागतं. टोकं सोडवा, पिळून घ्या, शक्यतो बनाना प्लग लावा. वायर शुद्ध तांब्याची आहे ना हेही बघा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध बराच जास्त असतो. २.५ चौरस मिमी तांब्याच्या १० मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.१४ ओहमच्या आसपास येतो, ४ ओहमला तो चालतो. १.५ चौरस मिमीचा ०.२३ होतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर.

दुसरी, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा. कॅलिब्रेशननंतर (रिसीव्हर माइकने स्पीकर मोजून सेटिंग लावतो ते) बरेच रिसीव्हर मोठ्या स्पीकरना 'लार्ज' ठरवतात, म्हणजे सगळा खर्ज त्यांनाच देतात. तिघांनाही 'स्मॉल' करून ८० हर्ट्झ लावा. सर्वात जास्त करंट खाणारा खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरचा ताण लगेच उतरतो.

तिसरी, हवा. रिसीव्हरच्या वर निदान १५ सेंमी मोकळी जागा हवी आणि कपाटाची मागची बाजू उघडी हवी.

४ ओहमच्या पर्यायाला मात्र हात लावू नका. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्या सेटिंगने ॲम्पला मिळणारा व्होल्टेज उतरवला जातो. उष्णता कमी होते हे खरं, पण आवाज आणखी लवकर फाटू लागतो.

लॉगरिदम
वरचं सगळं आधी कराच. पण ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर १४० हर्ट्झचा खड्डा बुजवत नाही. तो भाग स्पीकरकडेच राहतो आणि मारामारीच्या प्रसंगांत तिथे भरपूर ऊर्जा असते. म्हणून थोडं गणित मांडतो.

८५ डेसिबल हा आकडा २.८३ व्होल्टचा. ८ ओहमला तो १ वॅट असतो, ४ ओहमला २ वॅट. म्हणजे वॅटच्या हिशेबात तुमचा स्पीकर ८२ डेसिबलचा आहे. साडेतीन मीटरवर ११ डेसिबल घटतात, खोली साधारण ३ परत देते असं धरू. म्हणून २.८३ व्होल्टला खुर्चीवर ८५ मधून उरले ७७.

रेफरन्स पातळीला (सिनेमागृहाची ठरलेली पातळी, रिसीव्हरवर व्हॉल्यूम ०) प्रत्येक मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबल असतं, उणे १० ला ९५. म्हणजे ७७ च्या वर १८ डेसिबल, म्हणजेच साधारण २२.५ व्होल्ट. तुमचा रिसीव्हर ८ ओहमला १०५ वॅट देतो, म्हणजे २९ व्होल्टपर्यंत जातो. व्होल्टेज पुरतोय! पण ३.१ ओहमच्या खड्ड्यात २२.५ व्होल्टला सव्वासात अँपिअर लागतात, तेही एका स्पीकरला. तिघे एकदम दणाणले तर बावीसच्या आसपास. नऊ चॅनेलच्या रिसीव्हरमध्ये हे सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरने पुरवायचं असतं. त्यात व्होल्टेज आणि करंट यांच्यात फेजचा कोन (दोघांची शिखरं वेगवेगळ्या वेळी येणं) मोठा असला तर ॲम्पच्या ट्रान्झिस्टरना तोच स्पीकर त्याहून बराच कमी ओहमचा भासतो.

अंदाजावर राहू नका, मोजा. २५० हर्ट्झची, उणे २० डीबीएफएसची (डिजिटल रेकॉर्डिंगच्या सर्वोच्च पातळीच्या २० डेसिबल खालची) साइन वेव्ह वाजवा. डायरेक्ट मोड लावा, म्हणजे इक्वलायझर आणि क्रॉसओव्हर मध्ये येणार नाहीत. रिसीव्हर बंद असताना स्पीकरच्या वायरी काढा, मग चालू करून व्हॉल्यूम उणे १० वर न्या आणि टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. जो आकडा येईल त्याला दहाने गुणा. रेकॉर्डिंगमधल्या सर्वोच्च शिखराला तेवढे व्होल्ट लागतात. मोजताना प्रोबची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

बासरी
रिकामे चॅनेल आहेत ना? बाय-ॲम्प करून बघा की. डाव्या-उजव्याला दोन-दोन चॅनेल मिळतील.

लॉगरिदम
इथे उपयोग नाही. चॅनेल दोन झाले तरी ट्रान्सफॉर्मर तोच, व्होल्टेजची मर्यादाही तीच. ज्या चॅनेलवर वूफर राहील त्याला तोच ३.१ ओहमचा खड्डा दिसणार.

मंद्रसप्तक
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. वायरी ठीक आहेत. तिन्ही स्पीकर 'लार्ज' होते, ते ८० ला आणले. प्रोटेक्शन आता क्वचित लागतं, पण कर्कशपणा आहेच आणि वरचा पत्रा तासाभरात हात ठेवता येणार नाही इतका तापतो. मल्टिमीटरवर २.३ व्होल्ट आले.

लॉगरिदम
म्हणजे २३ व्होल्ट. २९ च्या आत आहात, तेव्हा खरी कमतरता करंटची आणि उष्णतेची. आता ॲम्प घ्याच. मात्र त्याने आवाज किती वाढेल याची अपेक्षा माफक ठेवा. ८ ओहमला २०० वॅटचा ॲम्प ४० व्होल्ट देतो, म्हणजे आजच्या २९ पेक्षा २.८ डेसिबल जास्त, एवढंच. या स्पीकरना साडेतीन मीटरवर पूर्ण रेफरन्स पातळी हवी असेल तर ७० व्होल्टच्या वर जावं लागेल, ४ ओहमला बाराशे वॅटहून जास्त. तेवढ्याने स्पीकरच्या आतल्या तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) जळेल. ती भूक जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरनेच भागते. फायदा होईल तो आहे त्या पातळीवर, आवाज न फाटण्याचा.

प्री-आउट
माझं मत स्पष्ट आहे: तीन चॅनेलचा घ्या. सिनेमात सर्वात जास्त राबतो तो सेंटर, आणि तुमचा सेंटरही ४ ओहमचाच. फक्त डावा-उजवा बाहेर काढलात तर संवाद त्याच थकलेल्या रिसीव्हरवर राहतील.

पत्रकात ८ आणि ४ ओहम असे दोन्ही आकडे बघा, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, सगळे चॅनेल एकदम चालू असताना. १५० आणि ३०० असं जवळपास दुप्पट होत असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. १५० आणि १८० असेल तर तो ८ ओहमसाठी बांधलेला आहे, सोडून द्या. '१ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल' अशा आकड्याकडे बघूच नका. क्लास डी की क्लास एबी (ॲम्पच्या रचनेचे दोन प्रकार) यावर फार वेळ घालवू नका, पण बंद कपाट असेल तर क्लास डी कमी तापतो. काही क्लास डी ॲम्प करंटआधी व्होल्टेजला अडतात, तेव्हा ८ ओहमचा आकडाही १५० च्या खाली नको.

गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते, तपासा. २९ डेसिबल गेन म्हणजे साधारण २८ पट. तुमच्या २३ व्होल्टला प्री-आउटमधून फक्त ०.८ व्होल्ट लागतील, १५० वॅटच्या पूर्ण ताकदीला सव्वा व्होल्ट. चांगल्या प्री-आउटला हे सहज जमतं. २३ डेसिबलच्या ॲम्पला याच्या दुप्पट लागतील, तिथे अडचण येऊ शकते. काही रिसीव्हरमध्ये प्री-आउट वापरतानाही आतला ॲम्प सिग्नल घेत राहतो, तो क्लिप झाला (मर्यादा ओलांडून आवाज फाटला) की प्री-आउटचा सिग्नलही बिघडतो. डेनॉन आणि मरांट्झच्या काही मॉडेलमध्ये आतले ॲम्प बंद करायचा प्री-ॲम्प मोड आहे, तुमच्याकडे असेल तर या तिघांसाठी लावा.

जोडताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा. तीन आरसीए केबल, रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरमधून (ॲम्पला आपोआप चालू-बंद करणारा सॉकेट) ॲम्पला एक ३.५ मिमी मोनो केबल, आणि शक्य असेल तर दोघांचे प्लग एकाच बोर्डावर. घरघर आली तर ॲम्पच्या बाजूने आरसीए काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) असण्याची शक्यता आहे. मग रिसीव्हरला आलेली टीव्ही केबल किंवा अँटेना काढा, बहुतेक वेळा दोषी तीच असते, तिथे आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे तो.

कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागेल, कारण गेन बदलला की आधीचे लेव्हल चुकतात. झाल्यावर तिघांचे ट्रिम (प्रत्येक चॅनेलची कमी-जास्त केलेली पातळी) बघा. एखादा उणे १२ वर अडकला असेल तर रिसीव्हरची खालची मर्यादा गाठली आहे आणि तो चॅनेल बाकीच्यांपेक्षा मोठाच वाजेल. ॲम्पवर गेनचं बटण असेल तर एक पायरी खाली घ्या आणि कॅलिब्रेशन परत चालवा. नंतर क्रॉसओव्हरही एकदा तपासा, पुन्हा 'लार्ज' झालेले असण्याची शक्यता आहे.