शब्दचर्चा: ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे नेमकं काय सापडलं नाही?

प्रश्न: स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहायला शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी टिपणं काढतोय. लिनक्सवरच्या ‘कमांड नॉट फाउंड’ या त्रुटी-संदेशाचं मी ‘आज्ञा सापडली नाही’ केलं होतं. एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, आज्ञा तर मीच टाइप केली, समोर दिसतेय. मग हरवलं काय?” आज्ञा, आदेश, हुकूम, की सरळ कमांड?

पहिलं उत्तर: तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. मराठीत आज्ञा म्हणजे सांगितलेली गोष्ट. ती पाळणारा वेगळा. इंग्रजीत दोघांनाही कमांडच म्हणतात. शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तुमची आज्ञा नीट वाचतं, पाथमध्ये, म्हणजे कुठे शोधायचं त्या यादीत, लिहिलेल्या फोल्डरांत त्या नावाची फाइल शोधतं, आणि ती मिळाली नाही की 127 हा कोड देऊन थांबतं. (फाइल मिळाली पण चालवायची परवानगी नसेल, तर 126.) म्हणून ‘या नावाचा प्रोग्राम सापडला नाही’ असं लिहा. ‘आज्ञा’ वाचली की मुलं स्पेलिंग तपासत बसतात. ‘प्रोग्राम’ वाचलं तर पाथ बघतील, आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालणाऱ्या स्क्रिप्टचा घोटाळा बहुतेकदा तिथेच असतो, कारण क्रॉनला मिळणारा पाथ फार आखूड असतो.

विंडोजचा संदेश वेगळा आहे: ‘अंतर्गत किंवा बाह्य कमांड म्हणून ओळखता आली नाही’. यातला ‘अंतर्गत’ मला खटकतो, ‘अंगभूत’ हवा. ‘डिर’ नावाची फाइल विंडोजवर कुठेच नसते, ही कमांड सीएमडीच्या, म्हणजे विंडोजच्या शेलच्या, अंगातच असते. त्यामुळे पायथनच्या सबप्रोसेसमधून (दुसरा प्रोग्राम चालवायचं साधन) नुसतं ‘डिर’ चालवलं की फाइल सापडत नाही म्हणून तक्रार येते. मधे सीएमडी घ्यावा लागतो.

दुसरं उत्तर: आदेश शब्द मात्र कमांडवर खर्च करू नका. व्याकरणात आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसरा येणं. इति + आदि = इत्यादि, इथे ‘इ’ जाऊन ‘य्’ येतो. वैयाकरण म्हणतात, आदेश शत्रूसारखा (आधीच्याला हटवतो), आगम मित्रासारखा (शेजारी येऊन बसतो). शेलमधलं ‘एलियस’, म्हणजे कमांडला दिलेलं दुसरं नाव, हेच करतं! विंडोजच्या पॉवरशेल 5.1 या शेलमध्ये ‘कर्ल’ (वेबवरून मजकूर आणणारा प्रोग्राम) लिहिलं की खरा कर्ल चालतच नाही, त्याच्या जागी पॉवरशेलचं स्वतःचं इन्व्होक-वेबरिक्वेस्ट येतं आणि लिनक्सवरून आणलेली ओळ, तिच्यातले कर्लचे पर्याय त्याला न ओळखता आल्यामुळे, पडते. ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव लिहायचं. सहाव्या आवृत्तीपासून हे एलियस काढून टाकलं आहे. बॅशमध्ये (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) उलटा अनुभव येतो: टर्मिनलवर चालणारं एलियस स्क्रिप्टमध्ये आपसूक चालत नाही.

पहिलं उत्तर: कल्पना सुंदर आहे, पण आदेश म्हटल्यावर मुलांना शासन आदेशच आठवेल. एलियसला ‘टोपणनाव’ म्हणू या.

प्रश्नकर्ता: टोपणनाव आणि अंगभूत दोन्ही घेतले. कमांड तशीच ठेवतो, स्त्रीलिंगी. सगळे ‘कमांड दिली’ असंच म्हणतात. आता ‘बॅड इंटरप्रिटर’ राहिलं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ती कोणी चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह बॅशच्या नावाला चिकटतं आणि हा संदेश येतो. ‘बॅड’ला ‘वाईट’ म्हणवत नाही. बॅश वाईट नसतो, त्या चिकटलेल्या नावाचा बॅशच नसतो. काय लिहू?